जपून ठेवलेली वस्तूच सापडत नाही: विसरण्यावर तुम्ही काय करता?

अबोली

नमस्कार मंडळी. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, आज लिहितेच.

पुढच्या महिन्यात पुतणीचं लग्न आहे. माझ्या आईच्या पाटल्या तिला घालायच्या, हे ती लहान असल्यापासून ठरलेलं. त्या पाटल्या सापडत नाहीत. दिवाळीनंतर दहा दिवस लेकीकडे बंगळूरला गेले होते. घर बंद राहणार म्हणून त्या कपाटातून काढल्या आणि कोणाच्या ध्यानातही येणार नाही अशा जागी ठेवल्या. इथपर्यंत सगळं लख्ख आठवतं. जागा मात्र आठवत नाही. तांदळाची कोठी उपसली, डाळींचे डबे परातीत ओतून पाहिले, गाद्यांच्या खोळी काढल्या, देव्हाऱ्याखालचा खण, मोठा कुकर, जुन्या पर्सा, सगळं झालं.

घरी कामाला येणाऱ्या मावशी दोन दिवस माझ्याबरोबर माळ्यावर चढून शोधत होत्या. तिसऱ्या रात्री माझ्या मनात त्यांच्याबद्दलच शंका आली. बोलले काही नाही, पण त्या विचाराने रात्रभर झोप लागली नाही. अठरा वर्षं येताहेत त्या. विसरले मी, आणि मन दुसऱ्याला चोर ठरवायला निघालं.

याची इतकी धास्ती का, तर माझ्या आईला शेवटची सहा वर्षं स्मृतिभ्रंश होता. तिची सुरुवात अशीच होती. वस्तू सापडेना की ती म्हणायची, "कोणीतरी नेली." मी आता ५६ वर्षांची आहे. गॅसवर दूध ठेवून बाहेरच्या खोलीत येते आणि वास आल्यावर धावते. स्वयंपाकघरात जाते आणि कशाला आले ते आठवत नाही. बँकेत रोज शेजारी बसणाऱ्या मुलीचं नाव परवा ओठांवर येईना.

तुमच्यापैकी कोणाला असं होतं का? त्यावर नेमकं काय करता? "वय झालं, सोडून दे" हे उत्तर मला नको आहे.

पंतोजी

अबोलीताई, ४० वर्षं शिकवलं आहे, त्यावरून सांगतो. आमच्या लहानपणी पाढे तीसपर्यंत तर होतेच, शिवाय पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी. संध्याकाळी दिवा लागला की परवचा. नुसतं वाचायचं नाही, पुस्तक मिटून म्हणायचं, अडलं की पुन्हा मागून सुरुवात. ते सगळं आजही तोंडावर आहे. माझी औटकी मध्यरात्री उठवून विचारा.

यामागे शास्त्र आहे. एबिंगहाउस नावाच्या जर्मन अभ्यासकाने अर्थ नसलेली अक्षरं स्वतःच पाठ करून, ती किती वेळात विसरली जातात हे मोजलं आणि १८८५ साली छापलं. तासाभरात निम्म्याहून जास्त गेलेलं होतं. म्हणजे विसरणं हा मेंदूचा बिघाड नाही, ती त्याची रीतच आहे. पण पुन्हा पुन्हा आठवून काढलं की ती गळती मंदावते. पुढे २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांवर पाहिलं, की धडा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो न बघता आठवून लिहिणाऱ्यांना आठवडाभराने जास्त आठवत होतं. आमच्या परवच्यात हेच होत होतं.

मी रोज झोपताना दिवस उलटा आठवतो. आत्ता जेवलो, त्याआधी कोण आलं होतं, दुपारी पेपरात काय वाचलं. थोडी चिकाटी लागते. आजकाल माणसं सगळं फोनवर टाकतात आणि मन कुठेच लावत नाहीत, तिथेच घोडं पेंड खातं.

निळीछत्री

पंतोजी सर, आदर राखून लिहिते, पण शेवटचं वाक्य लागलं.

मला ८ महिन्यांचं बाळ आहे. रात्री तीन-चार वेळा उठते, सकाळी ९ ला ऑफिसचा कॉल. गेल्या आठवड्यात बाळाला व्हिटॅमिन डीचे थेंब दिले की नाही हेच आठवेना. दोनदा दिले गेले असतील या भीतीने मी बेसिनपाशी उभी राहून रडले. मन लावत नाही म्हणून हे होत नाही. झोपच नाही. दिवसभरात शिकलेलं, पाहिलेलं पक्कं होण्याचं काम मेंदू झोपेत करतो, विशेषतः गाढ झोपेत. ती झोपच तुकड्यातुकड्यांनी मिळत असेल तर आठवणार कुठून?

आता मी थेंबांच्या बाटलीला रबरबँड लावते. सकाळी बाटली रबरबँडसकट, थेंब दिले की तो काढून माझ्या मनगटात. रात्री पुन्हा बाटलीला. मनगटात रबरबँड दिसला म्हणजे दिले. मला काही लक्षात ठेवावं लागत नाही, आणि म्हणूनच मी त्यावर विश्वास ठेवू शकते.

पंतोजी

बाळाची आई, चुकलो. तसं म्हणायला नको होतं. तुमची रबरबँडची युक्ती फार चांगली आहे. माझ्या रक्तदाबाच्या गोळीला उद्यापासून हीच.

कोकणकडा

रबरबँड वाचून आजी आठवली. ती पदराला गाठ मारायची. रेशनवर साखर आली आहे, गाठ. दादाच्या फीचे पैसे द्यायचेत, गाठ. आपण "मनाशी खूणगाठ बांधली" म्हणतो ना, ती गाठ आमच्या घरात खरोखरच दिसायची.

पण एक बारीक गोष्ट आहे. ती मुक्याने कधी गाठ बांधत नसे. बांधताना म्हणायची, "तिन्हीसांजेला वासरू बांधताना शेजारी सांगायचंय." म्हणजे काय करायचं, आणि कधी, कुठे असताना करायचं, तेही. गाठ फक्त खुणावते, मजकूर तुम्हालाच घालावा लागतो. मानसशास्त्रात गोलविट्झर यांचं बरंच काम यावर आहे: "हे झालं की ते करेन" असं ठरवलं, तर नुसत्या "करेन" पेक्षा काम पार पडण्याची शक्यता वाढते. मी आता "बिल भरायचं आहे" असं मनात ठेवत नाही. "चहाचा कप विसळून ठेवला की बिल" असं ठेवतो.

आणि अबोलीताई, दुधाचं: दूध ठेवून स्वयंपाकघराबाहेर पडताना पळी हातात घेऊन बाहेर पडायचं. कुठेही बसा, कोणाशीही बोला, हातात पळी आहे तोवर दूध विसरता येत नाही. आमच्याकडे बारा वर्षांत एकदाच उतू गेलं, त्या दिवशी पळी टेबलावर ठेवली होती.

शेवंती

पळीला +१. आजपासून सुरू.

घाटातला

ताई, मी रेल्वेत होतो. सहायक लोको पायलट, मग लोको पायलट, निम्मी नोकरी कसारा-इगतपुरी घाटात. तिथे ३७ मीटरला १ मीटर चढ आहे, गाडीला मागून बँकर इंजिनं लावतात. पावसाळ्यात धुकं असं, की सिग्नल अगदी जवळ आल्यावर दिसतो.

इंजिनात दोघं असतात. सिग्नल दिसला की एक मोठ्याने पुकारतो, दुसरा बघून तेच पुकारतो. हात उचलून, सिग्नलकडे दाखवून. "होम, एक पिवळा." "होम, एक पिवळा." होम म्हणजे स्टेशनात शिरण्याआधीचा सिग्नल. दोघांनाही दिसतोय, दोघांनाही कळतोय, तरी पुकारायचं. नवा असताना मला वाटायचं, हे कशाला. एका रात्री सलग चौथ्या ड्यूटीत डोळे उघडे होते, सिग्नल समोर होता, आणि पुकारायला तोंड उघडलं तेव्हा कळलं की मी त्याच्याकडे बघतोय पण रंग आत पोचलेलाच नाही. तोंडाने रंगाचं नाव घ्यायचं म्हटल्यावर डोळ्यांना तो बघावाच लागला. त्या रात्रीनंतर मी कधी टाळाटाळ केली नाही.

जपानी रेल्वेत हीच पद्धत बोट दाखवून करतात. तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेने १९९४ साली चाचणी घेतली, तर साध्या कामातल्या चुका जवळजवळ ८५ टक्क्यांनी कमी झाल्या.

निवृत्तीनंतर मी घरात हे सुरू केलं. गॅसचं बटण बंद केलं की बोट दाखवून म्हणतो, "गॅस बंद." दाराला, "कुलूप लावलं, किल्ली उजव्या खिशात." जिना उतरून पुन्हा वर जाऊन कुलूप ओढून बघणं बंद झालं. ही दारं-कुलपं आपण विसरत नाही, ताई. ती करताना मन तिथे नसतं, म्हणून आठवायला आत काही गेलेलंच नसतं. तुमच्या पाटल्यांचं कदाचित तसंच झालं असेल. प्रवासाची गडबड, रिक्षा खाली उभी, हाताने ठेवलं आणि मन स्टेशनवर.

गावडॉक्टर

मी तालुक्याच्या ठिकाणी २३ वर्षं प्रॅक्टिस करतो. या धाग्यात चांगल्या युक्त्या आल्या आहेत, मी तपासणीचं लिहितो. अबोलीताई, हे प्रत्यक्ष डॉक्टरांना भेटून करायचं आहे, इथे वाचून नाही.

आधी तुमची भीती. स्वयंपाकघरात जाऊन "कशाला आले?" हे सगळ्यांना होतं. नोत्र दाम विद्यापीठात राडवान्स्की यांनी २०११ मध्ये दाखवलं, की दार ओलांडून दुसऱ्या खोलीत गेलं की तेवढ्याच अंतराच्या चालण्यापेक्षा जास्त विसरायला होतं. नाव ओठांवर येऊन अडणं हेही वयाबरोबर वाढतं आणि बहुतेकदा नाव थोड्या वेळाने येतं. मला काळजी कधी वाटते? तोच प्रश्न तासाभरात चारदा विचारला आणि आधी विचारल्याचा पत्ताच नाही. तीस वर्षांचा पायाखालचा रस्ता चुकला. हातखंडा असलेला पदार्थ करताना मधल्या पायऱ्याच हरवल्या. पैशांचे हिशेब जमेनात. आणि बरेचदा हे स्वतःला जाणवत नाही, घरच्यांना जाणवतं. तुमच्या मनात शंका आली, ती तुम्हीच पकडली आणि तिचं वाईट वाटून इथे लिहिलंत. हे तुमच्या आईच्या आजारासारखं मला तरी वाटत नाही. तरीही आईचा इतिहास आहे, तेव्हा एकदा नीट तपासून घ्या, म्हणजे मनातला किडा जाईल.

तपासताना मी काय बघतो: बी-१२, थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन. बी-१२ प्राणिज अन्नातून मिळतं. शाकाहारी घरात दूध-दही हाच त्याचा आधार, आणि तोही बेताचाच असतो. त्यात मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोल वर्षानुवर्षं चालू असेल तर ते आणखी कमी होतं. पायाला मुंग्या, जीभ लाल, थकवा आणि विसरणं अशा तक्रारी घेऊन माणसं येतात आणि त्यांना वाटतं मेंदूचाच मोठा आजार झाला. वेळेत सापडलं तर हे सुधारतं. मग औषधांची पिशवी बघतो. सर्दी-खाजेच्या जुन्या, झोप आणणाऱ्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या, यांनी वयस्करांचं डोकं जड होतं. घोरण्याबद्दल विचारतो, कारण झोपेत श्वास अडत असेल तर दिवसा लक्ष लागत नाही. आणि मन उदास आहे का, हे विचारतो. नैराश्यात स्मृती खरोखर मंदावते, आणि आपल्याकडे पन्नाशीच्या बाईला हे कोणी विचारतच नाही. रजोनिवृत्तीच्या आसपास शब्द न सुचणं, लक्ष न लागणं हेही खरं असतं, ते मनाचे खेळ नव्हेत.

स्मरणशक्तीच्या टॉनिकांवर पैसे घालवू नका. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या १४ टाळता येण्याजोग्या कारणांची मांडणी केली आणि ती सगळी दूर झाली तर जगातली सुमारे ४५ टक्के प्रकरणं टळू किंवा लांबू शकतील असा अंदाज दिला. त्यात रक्तदाब, मधुमेह, वाढलेलं कोलेस्टेरॉल, धूम्रपान, बैठं आयुष्य, एकटेपणा आहे. आणि लोक ज्याकडे हमखास दुर्लक्ष करतात ते कमी ऐकू येणंही आहे.

शेवंती

डॉक्टर, शेवटच्या वाक्यासाठी तुमचे आभार, कारण आमच्या घरात तेच झालं.

बाबा ७३ वर्षांचे. दोन वर्षं आम्ही सगळे म्हणत होतो, "बाबांना काही सांगा, लक्षातच राहत नाही." मी सांगायचे, गुरुवारी बँकेत जायचंय, पासबुक काढून ठेवा. गुरुवारी बाबा अंघोळ करून पेपर वाचत बसलेले. मी चिडायचे. ते गप्प व्हायचे. हळूहळू बोलणंच कमी केलं त्यांनी, लग्नाकार्याला जायचे नाहीत. ज्या दवाखान्यात नेलं तिथे पाच मिनिटांत "वयानुसार आहे" म्हणून परत पाठवलं.

मग भाचीच्या लक्षात आलं. ती त्यांच्या पाठीमागून बोलली की ते वळत नाहीत, आणि समोर बसून बोलली की सगळं लक्षात राहतं. ऐकण्याची तपासणी केली तर दोन्ही कानांचं बरंच गेलेलं. विसरत नव्हते ते. त्यांना ऐकूच येत नव्हतं, आणि "काय? काय?" विचारायला लाज वाटायची म्हणून मान डोलवायचे. श्रवणयंत्र लावल्याच्या पहिल्या दिवशी ते बराच वेळ स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "फोडणीचा आवाज येतोय." त्या दोन वर्षांत मी त्यांच्यावर किती वेळा ओरडले, ते मला आठवतं. मी ते विसरणारही नाही.

घरात कोणी "विसरतंय" असं वाटलं तर आधी कान तपासा. अगदी कळकळीने सांगतेय.

बोरू

सगळ्या पोस्ट वाचल्या. शेवंती, डोळे भरून आले.

कोणीतरी शब्दकोड्यांचा विषय काढेल म्हणून माझा अनुभव. मी दहा वर्षं रोज कोडं सोडवलं. कोडं सोडवण्यात तरबेज झालो, पण किल्ल्या तशाच हरवत राहिल्या. अमेरिकेत 'ॲक्टिव्ह' नावाच्या मोठ्या चाचणीत २,८०० हून जास्त वयस्कर लोकांना वेगवेगळी बौद्धिक शिकवणी दिली होती. ज्याला जे शिकवलं त्यात तो सुधारला, पण विचारशक्ती शिकवली म्हणून स्मृतीही सुधारली असं दिसलं नाही. म्हणून जे आपल्याला येत नाही आणि आवडतं, ते शिकावं असं मला वाटतं.

६१ व्या वर्षी मी मोडी शिकायला लागलो. आधी ओळभर शिरोरेषा आखायची, मग तिच्याखाली हात न उचलता अक्षरं ओढत जायची. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्दांत जागा सोडलेली नाही, त्यामुळे शब्द कुठे संपला हे अर्थावरून ठरवावं लागतं. पहिले तीन महिने एका ओळीला एक संध्याकाळ जायची. आता पणजोबांच्या जमिनीचा एक कागद अर्धा वाचून झाला आहे. आमच्या वर्गात दर शनिवारी आठजण जमतात, वाद घालतात, चहा पितात. स्मृती वाढली का ते मला मोजता येणार नाही. पण शनिवार कधी आहे, हे मी विसरत नाही.

अबोली, पाटल्यांसाठी एक सुचवतो. १९७५ साली गॉडन आणि बॅडली यांनी स्कॉटलंडमध्ये पाणबुड्यांना काही शब्द पाण्याखाली आणि काही काठावर पाठ करायला दिले. पाण्याखाली शिकलेलं पाण्याखालीच जास्त आठवलं. तुमची आठवण त्या दिवसाच्या परिस्थितीला चिकटलेली असणार. खण उपसू नका. तीच वेळ, तीच साडी, तीच प्रवासाची बॅग घ्या, निघायच्या तयारीने कपाटासमोर उभ्या राहा आणि हात कुठे जातो ते बघा.

कोकणकडा

हे करून पाहाच ताई. आणि कळवा.

अबोली

मंडळी, बारा दिवसांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा. आधी तब्येतीचं. बी-१२ आलं १४८, दोनशेच्या वर हवं म्हणाले. थायरॉइड ठीक. गावडॉक्टर, मी सात वर्षं रोज सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल घेतेय, कधी कोणी थांबवा म्हटलंच नाही. इंजेक्शनं सुरू झाली आहेत आणि ती गोळी खरंच लागते का, ते डॉक्टर बघताहेत. आईच्या आजाराबद्दल त्यांना सांगितलं. त्यांनी चित्रं, शब्द, घड्याळ काढायची चाचणी घेतली, ती व्यवस्थित झाली. बाहेर येऊन मी रिक्षात बसले आणि किती दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

आता पाटल्या. बोरू, तुम्ही सांगितलं तसंच केलं. पहाटे साडेपाचला उठले, कारण गाडी पावणेसातची होती. त्या दिवशीचीच मोतिया साडी नेसले. प्रवासाची निळी बॅग काढून पलंगावर ठेवली आणि चेन ओढली, तर चेनच्या कडेला लाल दोऱ्याची टीप दिसली. निळ्या बॅगेला लाल दोरा. आणि एकदम सगळं आलं. निघायच्या आदल्या रात्री चेन उसवलेली दिसली, निळा दोरा संपला होता, म्हणून लाल घेऊन मशीनवर बसले होते. पाटल्या तेव्हा मांडीवर रुमालात होत्या, कुठे ठेवू असा विचार चालू होता. मशीनचा डावीकडचा खण उघडला. बॉबिनच्या डबीमागे, रिळांच्या खाली, आईचा पांढरा रुमाल. त्याला गाठ मारलेली.

मी तिथेच फरशीवर बसले.

मावशी साडेआठला आल्या. त्यांना दाखवल्या. त्यांनी दोन्ही हातांनी पाटल्या घेतल्या, कपाळाला लावल्या आणि म्हणाल्या, "मला तर झोप नव्हती हो, ताई." त्यांनाही झोप नव्हती, आणि ती का नव्हती हे मला कळलं. मी त्यांची क्षमा मागितली. मनात काय आलं होतं तेही सांगितलं, कारण न सांगता त्यांच्याकडे बघवेना. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आता कुठं ठेवताय ते मला सांगून ठेवा."

दोघी कपाटापाशी गेलो. घाटातले दादा, बोट दाखवून मी मोठ्याने म्हटलं, "पाटल्या, मधला खण, उजवा कोपरा." मावशींनीही बोट दाखवलं आणि तसंच म्हटलं.